लहानू मास्तरसाठी भाषण

कोलारीच्या श्रीहरी भोयरला चिमूरपासून वडशापर्यंत लोक ओळखायचे ते त्याच्या आवाजामुळे. दिवाळी झाली, धान बांधीतून निघून खळ्यावर आलं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. आज या गावात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, उद्या त्या गावात मंडईची जत्रा, आणि जिथं गर्दी तिथं नाटक. श्रीहरी रंगमंचावर नुसता उभा राहिला तरी मंडपातली कुजबुज थांबायची. त्याने 'आई' म्हणून हाक मारली की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पोस्टरवर त्याचं नाव मोठ्या लाल अक्षरांत यायचं: श्रीहरी कोलारीकर.

ते नाव त्याला वाचता येत नव्हतं.

ही गोष्ट एका लहानूलाच ठाऊक होती. लहानू रामटेके त्याच्याच गावचा, त्याच्याच वर्गातला. शाळेत श्रीहरीच्या डोळ्यांपुढे अक्षरं कधी एका जागी ठरली नाहीत. मागे बसलेला लहानू हळूच उत्तर सांगायचा आणि श्रीहरी ते खणखणीत आवाजात म्हणून टाकायचा. एकदा गुरुजींनी ते ऐकलं. लहानूच्या दोन्ही तळहातांवर छड्या बसल्या. "कोणाला सांगत होता?" असं गुरुजींनी विचारलं तेव्हा लहानू म्हणाला, "कोनाले नाई गुरुजी, माह्या मनातच वाचत होतो." श्रीहरी समोर फळ्याकडे बघत बसला होता. तो वळला नाही.

पुढं लहानू शिकला, मास्तर झाला. श्रीहरी बापाच्या धानाच्या बांध्यांत उतरला. पण गावच्या नाट्य मंडळात दोघं एकत्रच गेले. संध्याकाळी लहानूच्या ओसरीवर चटई पडायची. लहानू नाटकाची वही मांडीवर घेऊन एक एक वाक्य वाचायचा, श्रीहरी ते पाठ करायचा. नुसतं वाक्य नाही, ते कसं म्हणायचं तेही लहानूच सांगायचा. "इथी थांब. घाई नको करू. आवंढा गीळ. लोकाले वाट पाहू दे. मंग बोल." आत चुलीपाशी लहानूची बायको बायनाबाई भाकरी थापत असायची. सगळी नाटकं तिच्याही कानावरून जायची. लोकांना वाटायचं, मास्तर मित्राची हौस पुरवतो. श्रीहरीला वाचताच येत नाही, हे लहानूने कधी बायकोलाही सांगितलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी लहानू उजव्या विंगेत पडद्याच्या आड वही आणि टॉर्च घेऊन बसायचा. श्रीहरी कुठं अडखळणार हे त्याला आधीच कळायचं. शब्द त्याच्या आठवणीतून निसटायच्या आत तो पुढचं वाक्य पुटपुटायचा. टाळ्या पडायच्या, लहानू पान उलटायचा.

नाटकाबाहेरही असंच होतं. सोसायटीचा कागद आला की श्रीहरी तो घेऊन लहानूकडे. बैलबंडीवरून पडून श्रीहरीचा पाय मोडला, त्या पावसाळ्यात लहानू शाळा भरायच्या आधी त्याच्या बांधीत उतरून धानाची रोवणी करायचा आणि पायावरचा चिखल धुऊन तसाच वर्गावर जायचा. श्रीहरी काही बोलायला लागला की तो म्हणायचा, "चूप ना बे. किती बोलतं!"

बोलायचा मात्र श्रीहरीच. कुठल्या गावात किती गर्दी होती, कोणत्या प्रवेशाला बायका रडल्या, वडशाच्या नाटक कंपनीने काय निरोप पाठवला. लहानू ऐकायचा.

मग गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि लहानूची बदली एटापल्लीकडच्या एका जंगलातल्या शाळेत झाली. बायको, म्हातारी आई कोलारीलाच राहिल्या. सुटी लागली की तो आलापल्लीवरून बस बदलत बदलत दिवसभराने गावात पोचायचा आणि दुसऱ्याच दिवशी ओसरीवर वही घेऊन बसायचा. दर वेळी जाताना म्हणायचा, "एकदा ये ना बे तिकडं. नदी काय हाये, रान काय हाये! पोरं गोंडी बोलतात, मले हसतात. तुह्यासारखा आवाज त्यायनं आयकलाच नाई."

"यतो, यतो," श्रीहरी म्हणायचा. चार वर्षांत तो एकदाही गेला नाही.

शहाऐंशी सालच्या दिवाळीच्या थोडं आधी लहानूला ताप आला. तिकडच्या पावसाळ्यानंतरचा तो नेहमीचाच ताप असेल असं समजून तो दोन दिवस शाळेत गेला. मलेरिया मेंदूवर चढला होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो माणसं ओळखेनासा झाला होता. शाळेच्या मास्तरांनी त्याला जीपमध्ये घालून कोलारीला आणलं ते चादरीत गुंडाळूनच.

नदीकाठी बौद्ध समाजाच्या जागेत त्याला पुरलं. श्रीहरीने खांदा दिला, माती दिली. त्याला रडू आलं नाही. लोक सांगतील तसं तो करत गेला. घरी येऊन आंघोळ केली आणि बैलांना चारा टाकला.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. विहाराच्या समितीचा हरिदास स्वतः श्रीहरीच्या घरी आला.

"श्रीहरी भाऊ, मास्तरबद्दल तुमीच बोलाचं. तुमच्याइतका जवळचा कोन हाये?"

"बोलतो," श्रीहरी म्हणाला.

काय बोलायचं याचा तो शेतात जाता येता विचार करायचा. लहानूचा चेहरा समोर यायचा, त्याची मान किंचित वाकडी करून वाचायची सवय आठवायची, पण त्याचं वाक्य व्हायचं नाही. आजवर त्याला वाक्य तयार मिळालं होतं. उभं राहिलं की येईल काहीतरी, असं म्हणून त्याने विचार सोडून दिला.

कार्यक्रमाला विहाराचं अंगण भरून गेलं. कोलारीचे सगळे, आसपासच्या गावांतले मास्तर, लहानूचे जुने विद्यार्थी. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी लहानूचा फोटो ठेवला होता. त्रिशरण, पंचशील झालं. एटापल्लीकडून आलेल्या मुख्याध्यापकांनी कागदावरून वाचलं की रामटेके गुरुजी वक्तशीर होते. बायनाबाई पांढऱ्या लुगड्यात पुढेच बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. लहानूची आई अंजनाबाई आली नव्हती. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, तिला खाटेवरून उठता येत नव्हतं.

हरिदासने श्रीहरीचं नाव पुकारलं. लोक सावरून बसले.

माइकसमोर उभं राहिल्यावर श्रीहरीने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. त्याने सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथं विहाराची भिंत होती आणि भिंतीला टेकवलेल्या लोखंडी खुर्च्या. सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि मग त्याच्या तोंडातून शब्द सुटले.

"मित्रा! तू गेलास असं हे जग म्हणतं. पण या वेड्या जगाला काय ठाऊक? चिता तुझी पेटली, आणि राख माझी झाली!"

आवाज कापरा होऊन वर गेला. कुठंतरी एक बाई हुंदका देऊन रडली. श्रीहरीला थांबता आलं नाही. वाक्यामागून वाक्य येत गेलं. या ओसाड माळरानावर आता मी कुणाला हाक मारू? कोण देईल मला ओ? इथं तो थांबला. आवंढा गिळला. लोकांना वाट पाहू दिली. उजवा हात पुढं केला, बोटं थरथरली.

"ओ दे रे, मित्रा! एकदा, फक्त एकदा, ओ दे!"

सगळं अंगण रडत होतं. म्हातारी माणसं टोपीने डोळे पुसत होती. आणि मागच्या बाजूला बसलेल्या, परगावच्या कोणीतरी टाळी वाजवली. एकाची ऐकून चार-पाच जणांनी वाजवली. हरिदासने रागाने मागं पाहिलं तशा टाळ्या थांबल्या. पण तेवढ्यात श्रीहरीने मान लववून, दोन्ही हात जोडून, रंगमंचावर करायचा तसा नमस्कार केला होता.

मान वाकलेली असतानाच त्याला कळलं आपण काय केलं ते. वर पाहताना त्याची नजर बायनाबाईवर गेली. ती त्याच्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ओळखीचं काहीतरी नको त्या जागी दिसावं, तसं ती बघत होती. हे भाषण ज्या नाटकातलं, ते मंडळाने एका साली बसवलं होतं, पण मंडप जळाल्यामुळे त्याचा प्रयोग झाला नव्हता. गावाने ते पाहिलं नव्हतं. तिने ते महिनाभर चुलीपाशी बसून ऐकलं होतं. आवंढा कुठं गिळायचा तेसुद्धा.

आणि चिता कुठली? लहानूला पुरलं होतं. त्याने स्वतःच्या हातांनी माती लोटली होती.

चहाच्या वेळी लोकांनी त्याला घेरलं. "काय बोलले भाऊ! दगडालेही पाझर फुटला." हरिदास डोळे पुसत म्हणाला, "मास्तरचं सोनं झालं." शेजारच्या गावचा एक जण हात धरून म्हणाला, "पुढच्या महिन्यात आमच्या बाबांचं पुण्यस्मरण हाये. तुमी या ना. असेच दोन शब्द बोला." श्रीहरी हातातला कप तिथंच ठेवून विहाराच्या मागच्या बाजूने निघून गेला.

पुढचे दिवस तो लहानूच्या गल्लीतून गेला नाही. शेतावर जायला लांबचा रस्ता धरायचा. घरी कमला, त्याची बायको, सांगायची की विहिरीवर बाया तुमच्याच भाषणाचं बोलून राह्यल्या. तो जेवता जेवता उठायचा. "काऊन, काय झालं?" ती विचारायची. "भूक नाई," म्हणायचा. अंगणात त्याला ती टाळी ऐकू यायची आणि आपण लववलेली मान आठवून कान तापायचे.

एका दिवशी कमला निरोप घेऊन आली. "अंजनामाय बलावून राह्यली तुमाले. थ्या दिवशी तिले विहारात जाता आलं नाई ना. तुमी लहानू भाऊबद्दल काय बोलले, थे तिले तुमच्या तोंडून आयकाचं हाये."

"मले नाई जमत."

"म्हातारी मानूस हाये. पोरगा गेला तिचा. जमत नाई म्हंता?"

तो गेला. दुपारची वेळ होती. बायनाबाई ओसरीवर सुपात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. तिने त्याला पाहिलं आणि "या भाऊजी," एवढंच म्हणाली. आत अंजनाबाई खाटेवर पडून होती. श्रीहरी खाटेशेजारी खाली बसला. म्हातारीने चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"आला का बापू? सारं गाव म्हंते, श्रीहरीनं लहानूले पुन्हा उभा केला. मले आयकव ना. मीच एकटी राह्यली."

तिचे डोळे मोतीबिंदूने पांढुरके झाले होते. श्रीहरीने घसा खाकरला. त्याला आतून जाणवलं की वाक्यं तयार आहेत. नुसतं तोंड उघडलं की येतील, आवाजही कापेल. दारात बायनाबाई येऊन उभी राहिली होती, सूप तसंच हातात.

"मित्रा..." तो म्हणाला, आणि थांबला.

"बोल ना," म्हातारी म्हणाली.

"माय, थे माहं नाई. थे नाटकातलं होतं."

"काय?"

"नाटकातलं भाषण होतं. माह्या तोंडून तेच निघालं. दुसरं काई आलंच नाई मले."

अंजनाबाई म्हणाली, "लहानूनंच शिकवलं होतं ना तुले? या वसरीवर?"

"हो."

"मंग काऊन लाजतं? तेच बोल. माह्या पोरानं शिकवलेलं हाये, त मले आयकव."

श्रीहरीने मान खाली घातली. आता तिला हवंच होतं ते, आणि आता त्याला एक अक्षर बोलवेना. गाववाल्यांसमोर जे आपोआप सुटलं ते या खाटेपाशी अडून बसलं.

"आई, नका त्याईले बोलाले लावू," बायनाबाई दारातून म्हणाली.

ते ऐकून श्रीहरीला जास्तच मेल्यासारखं झालं. ती त्याची बाजू सांभाळत होती.

"भाषण नाई बोलत माय," तो म्हणाला. "पर सांगतो. जसं येईन तसं सांगतो."

आणि तो सांगायला लागला. आवाजात काही धार नव्हती, वाक्यं मधेच तुटत होती. शाळेतल्या छड्यांचं सांगितलं. मले वाचता येत नाई माय, अजूनही येत नाई, थ्यानं कोनाले कळू दिलं नाई, हे सांगितलं. बायनाबाईने चमकून पाहिलं. मोडलेल्या पायाचं, रोवणीचं सांगितलं. अंजनाबाई मधेच म्हणाली, "थे त मले माहीतच हाये. माह्याच घरून त खाऊन जाये थो." आणि थोड्या वेळाने तिचा डोळा लागला. श्रीहरीच्या मनगटावरचा तिचा हात सैल झाला.

त्याने उठायला हवं होतं. पण तोंड उघडलं होतं ते मिटेना. म्हातारी झोपली तरी तो हळू आवाजात, जमिनीकडे बघत, आता दारातल्या बायनाबाईला सांगत राहिला.

"तुमचा पयला पोरगा गेला, थ्या दिवशी थो माह्या शेतात आलता. धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली बसला. असा रडला, वहिनी, असा रडला का मले भेव लागला. माती मुठीत धरून रडे. मी म्हनलं, घरी चाल. त म्हने, घरी रडलो त बायना मोडन. इथी रडून घेऊ दे. मंग बोडीच्या पाण्यानं तोंड धुतलं आन म्हने, कोनाले सांगू नको."

सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. बायनाबाई उंबऱ्यावर बसली होती.

"थ्या दिवशी सांजेले थो जेवला होता," ती म्हणाली. "मी भात वाढला, आन थो जेवला. आनखी मांगून घेतला. लेकरू मातीत ठेवून आला आन बाप भात मांगून राह्यला. थे मी कधी इसरली नाई, भाऊजी. थ्याले कधी बोलली नाई, पर मनातून काढलं नाई."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"एवढी वर्सं?"

"थ्यानं सांगू नको म्हनलं होतं."

"आन थो गेल्यावर? थ्या दिवशी विहारात तुमच्यापाशी हे होतं, आन तुमी चिता पेटवून राह्यले होते." ती ओरडली नाही. "सारे रडत होते. मले वाटे, आता मीही रडीन. पर पुढचं वाक्य मले माहीत होतं. कसं रडू?"

मग ती रडली. पदराचा बोळा तोंडाशी धरून, म्हातारी जागी होऊ नये म्हणून आवाज दाबून, उंबऱ्यावर वाकून रडली. श्रीहरी तिथंच बसून राहिला. बाहेर कोंबड्या सुपातली डाळ टिपायला आल्या तेव्हा त्याने उठून त्या हाकलल्या, एवढंच त्याच्याने झालं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, सूप ओढून घेतलं. "आनखी काय सांगतलं होतं थ्यानं तुमाले? माह्याबद्दल, आपल्या जिवाबद्दल?"

श्रीहरीने आठवून पाहिलं. बैलबंडीवरचे, बांधावरचे, बसस्टँडवरचे सगळे दिवस त्याने आठवले. प्रत्येक ठिकाणी त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. एटापल्लीला लहानू कुठं राहायचा, सैपाक कोण करून द्यायचं, रात्री एकटं वाटायचं का, यातलं काहीच त्याने विचारलं नव्हतं. 'ये ना बे' म्हणत होता तेव्हा त्याला काही सांगायचं असेल का, हे आत्ता पहिल्यांदा त्याच्या मनात आलं.

"मले नाई माहीत, वहिनी," तो म्हणाला. "मीच बोलत राहो. थो आयके."

"हो," बायनाबाई म्हणाली. "थो आयकेच."

तिने डाळ पुन्हा निवडायला घेतली. श्रीहरीने चपला घातल्या. गल्लीत हरिदास समोरून येत होता. त्याने लांबूनच हाक दिली, "भाऊ, थ्या शेजारगावच्या मानसाले काय कळवू? पुण्यस्मरणाले येता म्हून सांगू का?"

"नाई," श्रीहरी म्हणाला. "आन हरिदास, मी थ्या दिवशी बोललो थे नाटकातलं होतं. लोकाईले सांगजो."

हरिदास हसला. "काय भाऊ, मजाक करता." त्याचा विश्वास बसला नाही. नंतरही गावात कोणाचाच बसला नाही. श्रीहरी ज्याला त्याला सांगायचा आणि लोक म्हणायचे, मित्राच्या दुःखाने भाऊ असं बोलून राह्यले.

त्या हंगामात वडशाच्या कंपनीचा माणूस आला तेव्हा श्रीहरीने त्याला परत पाठवलं. होळीच्या आधी, धान विकून झाल्यावर, तो लहानूची शाळा बघायला एकटाच आलापल्लीच्या बसमध्ये बसला. बसच्या पाट्या वाचता येत नव्हत्या म्हणून दर स्टँडवर लोकांना विचारत गेला, आणि विचारताना कारणही सांगत गेला, की मले वाचता येत नाई.